पाणी नसतानाचा धबधबा

मराठी माणसाच्या मनात एक पंचांग असते आणि तो कोठेही गेला तरी ते सहसा बदलत नाही. आषाढ म्हटला की भरून आलेले आभाळ, श्रावण म्हटला की ऊन-पावसाचा खेळ, आश्विनात पिवळी पडू लागलेली शेते आणि कार्तिकात निवळलेले पाणी. हे पंचांग आपल्याला शेतीने दिले तितकेच साहित्यानेही दिले. बालकवींच्या कवितेतून आलेला श्रावण आपण शाळेच्या बाकावर बसून शिकलो. पुढे दुर्गा भागवतांच्या 'ऋतुचक्रा'ने महिन्यामागून महिना पाहावा कसा, हे शिकवले. परिणामी ऋतू ही सृष्टीची वस्तुस्थिती आहे, असे आपण धरून चालतो. ती एका विशिष्ट भूमीची आणि त्या भूमीच्या भाषेचीही वस्तुस्थिती आहे, हे ध्यानात यायला ती भूमी सोडावी लागते.

माझ्या ध्यानात ते १९९८ साली आले. चेन्नईच्या शासकीय प्राच्य हस्तलिखित ग्रंथालयात मराठी हस्तलिखिते पाहण्यासाठी मी काही महिने राहिलो होतो. १८६९ साली स्थापन झालेल्या या ग्रंथालयात कर्नल कॉलिन मॅकेंझी यांनी जमविलेल्या कागदपत्रांचा मोठा भाग आहे. मॅकेंझी हे पेशाने भूमापक. दक्षिणेची भूमी मोजता मोजता त्यांनी तिथल्या गावोगावच्या हकिकतीही जमविल्या, आणि त्यांत मराठीतील हकिकतीही आहेत. दिवसभर मोडी अक्षरे लावून डोळे शिणत. सायंकाळी मी एका स्नेह्यांच्या घरी जाऊन बसे. त्यांचे घराणे तंजावरचे; घरात तंजावरी मराठी बोलली जाई. वयाने ते माझ्याहून बारा वर्षांनी मोठे होते. साकी, दिंडी, ओवी, अभंग यांचा मोठा साठा त्यांच्या मुखी होता, कारण मराठी कीर्तनाची परंपरा तंजावरात रुजली आणि एकोणिसाव्या शतकात कृष्ण भागवतरांसारख्यांच्या हातून तमीळ हरिकथेत मिसळून गेली, त्या परंपरेत त्यांचे आजोबा वाढले होते. बोलणे हा त्यांचा मोठा गुण होता. एक विषय काढावा आणि त्यांनी त्याचे पाच प्रवाह करावेत.

आषाढातल्या एका ढगाळ दिवशी मी त्यांना म्हणालो, "इथे जवळपास एखादा धबधबा असेल तर जाऊन येऊ." ते हसले. "आत्ता गेलात तर दगड भेटतील. कार्तिक येऊ द्या." मग त्यांनी मला समजावून सांगितले ते भूगोलाच्या कोणत्याही पुस्तकात सापडेल, पण तोवर माझ्या मनाने ते स्वीकारले नव्हते. चेन्नईला वर्षाकाठी सुमारे १४०० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला निम्म्याहून अधिक ऑक्टोबर ते डिसेंबर या तीन महिन्यांत, ईशान्येकडून येणाऱ्या वाऱ्यांबरोबर पडतो. कावेरीच्या मुलखात तर याहून मौज आहे. तिथे आडि महिन्याच्या अठराव्या दिवशी नदीला आलेल्या नव्या पाण्याची पूजा होते. ते पाणी मुख्यतः दूर पश्चिमेला, सह्याद्रीच्या माथ्यावर पडलेल्या पावसाचे असते. "तुमचा आषाढ आमच्याकडे नदीतून येतो," असे ते म्हणाले.

कार्तिकात आम्ही गेलो. चेन्नईच्या उत्तरेला सुमारे ऐंशी किलोमीटरांवर, आंध्र प्रदेशाच्या हद्दीत, ताडा या गावापासून आत गेल्यावर पूर्व घाटाच्या डोंगरांत तो धबधबा आहे. तो भाग तेव्हा चित्तूर जिल्ह्यात होता. २०२२ पासून तो तिरुपती जिल्ह्यात मोडतो. चेन्नईची मंडळी त्याला 'ताडा फॉल्स' म्हणतात. वाट आधी झुडपांतून, मग दाट झाडीतून आणि शेवटी ओढ्याच्या पात्रातल्या मोठाल्या धोंड्यांवरून जाते. पाणी कधी डावीकडे, कधी उजवीकडे, कधी पायांखाली असे. आवाज आधी आला आणि धबधबा नंतर दिसला. त्या दिवशी आम्ही काय पाहिले याचे वर्णन करण्याचे कारण नाही. ज्याने भरलेला धबधबा पाहिला आहे त्याला ते ठाऊक आहे. स्नेही एका खडकावर बसून दिंडी म्हणत होते आणि पाण्याच्या आवाजात त्यांचे शब्द बुडून जात होते.

दुसऱ्यांदा गेलो ते त्याच हंगामात, माघातल्या महाशिवरात्रीला. त्या रानात शंकराचे स्थान आहे आणि शिवरात्रीला आसपासच्या गावांतले लोक तेथे जातात. पाणी निम्म्याहून कमी झाले होते. पाऊस थांबून दोन महिने लोटले तरी ओढा वाहत असतो, कारण डोंगराच्या मातीत आणि खडकांच्या भेगांत मुरलेले पाणी हळूहळू झिरपत राहते. एक गोष्ट तेव्हा मला जाणवली, पण तिचा अर्थ मी लावला नाही. कार्तिकात भेटलेले लोक शहरातले होते आणि ते पाण्यासाठी आले होते. माघात भेटलेले लोक पायथ्याचे होते आणि पाणी किती आहे याची चौकशी कोणीच करीत नव्हते.

तिसऱ्या खेपेची हकिकत सांगण्यापूर्वी या भूमीच्या जुन्या काव्यविचाराकडे वळणे आवश्यक आहे. प्राचीन तमीळ काव्यशास्त्राने भूमीचे पाच प्रकार मानले आणि प्रत्येकाला प्रेमाची एकेक अवस्था जोडली. यालाच तिणै असे म्हणतात. कुरिंजी म्हणजे डोंगराळ प्रदेश. त्याची अवस्था मीलन, ऋतू थंडीचा, वेळ मध्यरात्रीची, आणि धबधबा हे त्याचे एक नेहमीचे चिन्ह. मुल्लै म्हणजे रान व कुरणे. त्याची अवस्था धीराने वाट पाहणे. मरुदम म्हणजे शेतीची सखल भूमी, नेय्दल म्हणजे समुद्रकिनारा. पाचवी भूमी पालै, अर्थात शुष्क वाट. तिची अवस्था विरह, ऋतू ग्रीष्म, वेळ भर दुपारची. यातले मर्म असे की पालैला स्वतःची जमीनच नाही. 'तोलकाप्पियम' तिला वेगळा भूभाग देत नाही, आणि 'शिलप्पदिकारम' सांगते की डोंगर आणि रान यांनी उन्हाळ्यात आपला स्वभाव गमावला म्हणजे त्यांचीच पालै होते. म्हणजे मीलनाची भूमी आणि विरहाची भूमी हे नकाशावरचे दोन प्रदेश नाहीत. एकच डोंगर आहे. ऋतू पालटला की तो दुसऱ्या कवितेत जातो.

मराठीच्या अभ्यासकाला हा विचार परका वाटू नये. महाराष्ट्री प्राकृतातल्या 'गाथासप्तशती'तही निसर्ग हा मनोवस्थेचा संकेत होऊन येतो, आणि जॉर्ज हार्ट यांच्यासारख्या अभ्यासकांनी या गाथा व तमीळ संघम कविता यांच्यातील साम्यस्थळे दाखवून दिली आहेत. परंतु पुढच्या काळात आपल्या निसर्गदृष्टीत एक पालट झाला. निसर्ग हा संकेत न राहता सौंदर्याचा विषय झाला. त्याच्याकडे 'पाहायला' जाण्याची रीत आली, आणि त्या पाहण्याला तात्त्विक आधार मिळाला तो युरोपीय सौंदर्यशास्त्राचा. कांटच्या मते सौंदर्याचा आस्वाद निरिच्छ असतो. ती वस्तू आपल्या उपयोगाची आहे काय, ती आपल्याला मिळावी काय, या विचारांपासून तो मुक्त असतो. रा. भा. पाटणकरांनी 'सौंदर्यमीमांसे'त या भूमिकेचा जो कसून विचार केला, तो माझ्या पिढीने विद्यार्थिदशेत अक्षरशः घोकला. धबधबा पाहणारा माणूस त्या पाण्यावर गिरणी चालवू इच्छीत नाही किंवा शेत भिजवू इच्छीत नाही. म्हणून त्याचे पाहणे शुद्ध, असे आम्ही वर्गात सांगत आलो.

मला शंका येते ती येथे. धबधब्याकडून ज्याला काहीच नको, तो कोरडा पडल्यावर तिथे का जात नाही? ज्याला केवळ रूपाशी कर्तव्य आहे त्याला उन्हाळ्यातल्या खडकांचेही रूप आहे. उलट पाण्याने खडकावर काय काम केले हे पाणी असताना दिसतच नाही. पारनेर तालुक्यात निघोजला कुकडीच्या पात्रातले रांजणखळगे ज्यांनी पाहिले असतील त्यांना हे पटेल. नदी भरून वाहते तेव्हा ते तिच्या पोटात असतात आणि ती आटते तेव्हाच त्यांचे घडणे वाचता येते. तरीही आपण जातो ते पाणी असताना. याचा अर्थ आपल्याला काहीतरी हवे असते: तुषार हवे असतात, आवाज हवा असतो, भारावून जाण्याचा अनुभव हवा असतो. गिरणीवाल्याला पाण्याची शक्ती हवी असते आणि आपल्याला पाण्याचा प्रभाव. पाणी सरले की दोघेही निघून जातात. एवढेच की गिरणीवाला आपल्या गरजेला गरज म्हणतो आणि आपण आपल्या गरजेला रसिकता म्हणतो.

आमच्या भाषेनेही यात हातभार लावला आहे. 'धबधबा' हा शब्द आवाजावरून आलेला. आवाज थांबला की शब्दाखालची जमीनच सरकते. कोरड्या धबधब्याला काय म्हणावे, हे मराठीला सुचत नाही. ज्याला चेन्नईची मंडळी 'ताडा फॉल्स' म्हणतात त्याचे तेलुगूतले नाव मात्र उब्बलमडुगु असे आहे, आणि 'मडुगु' म्हणजे डोह. शिवस्थानाच्या बाजूला सिद्धुल कोना म्हणतात, आणि 'कोना' म्हणजे दरी, घळ. तिथे राहणाऱ्यांनी नाव ठेवताना कोसळण्याकडे पाहिले नाही. जे उन्हाळ्यातही राहते त्यावरून त्यांनी नाव ठेवले. हे मला कोशात शब्द पाहून कळले नाही, तिसऱ्या खेपेला कळले.

त्या खेपेची पार्श्वभूमी सांगताना मला संकोच वाटतो, पण ती वगळली तर हा लेख केवळ युक्तिवाद ठरेल. २००९ साली माझ्या त्या स्नेह्यांना अर्धांगवायूचा झटका आला आणि त्यांची वाचा गेली. पत्राने मला ते कळले. त्यानंतरच्या तीन वर्षांत कामानिमित्त मी दोनदा चेन्नईला गेलो. दोन्ही वेळा त्यांच्या घराच्या रस्त्यावरून गेलो. वर चढलो नाही. मी स्वतःला जे कारण दिले ते असे: ज्यांचे बोलणे मी ऐकले आहे, त्यांना मूक पाहणे मला सोसणार नाही, आणि माझ्यासमोर तसे असणे त्यांनाही सोसणार नाही. त्यांची ती वाहती प्रतिमा तशीच जपणे म्हणजेच त्यांचा मान राखणे होय. कारण सुसंस्कृत होते, आणि म्हणूनच ते मला पटले. २०१२ साली ते गेले.

पुढच्या वर्षी, चैत्रात, मी त्यांच्या घरी गेलो. वहिनींनी कॉफी पुढे ठेवली आणि कोणताही दोष न देता सांगितले, "शब्द गेले होते, ताल नव्हता गेला. कोणी दिंडी म्हटली की उजव्या हाताची बोटं मांडीवर चालायची. तुम्ही असतात तर तुम्हाला कळलं असतं कोणती चाल ते. आम्हाला सगळ्या कुठं ठाऊक?" पाणी ओसरल्यावरच दिसणारे जे काही त्यांच्यात होते, ते वाचू शकणारा त्या गावात बहुधा मीच होतो, आणि मी रस्त्यावरून निघून गेलो होतो.

दुसऱ्या दिवशी मी उब्बलमडुगुला गेलो. का गेलो, हे मला तेव्हाही सांगता आले नसते. पायथ्याच्या गावातला एक म्हातारा बरोबर आला. त्याची तेलुगू आणि माझी मोडकी तमीळ यांवर आमचा संवाद चालला होता. झाडे निष्पर्ण, पाने पायाखाली कडकडत होती, पात्रातले धोंडे हाताला चटका देत होते. जिथे आवाज असायचा तिथे आवाज नव्हता. मी वर बोट दाखवून विचारले, "ते कुठे आहे?" मला कोसळणारे पाणी म्हणायचे होते. त्याने वर पाहिलेच नाही. खाली, खडकांच्या कुशीत राहिलेल्या हिरव्या डोहाकडे हात करून तो म्हणाला, "उब्बलमडुगु." माझा प्रश्न त्याला समजला नव्हता, किंवा मी चुकीचा प्रश्न विचारला होता. डोहाच्या काठी ओल्या मातीत जनावरांच्या पावलांचे ठसे होते. भर कार्तिकात रानात सगळीकडे पाणी असते तेव्हा या डोहाला काही महत्त्व नसते. रानाला तो जगवतो ते याच दिवसांत.

येथवर आल्यावर निष्कर्ष सोपा वाटतो: जे कोरडे पडले आहे त्याकडे जावे. परंतु तो सोपा आहे म्हणूनच तो तपासला पाहिजे. ११ मार्च २०१८ रोजी तमिळनाडूच्या तेनी जिल्ह्यात, कुरंगणीच्या डोंगरात, वाळलेल्या गवताला लागलेल्या वणव्यात पदभ्रमणाला गेलेले वीसहून अधिक लोक मरण पावले. त्यांतले अनेक चेन्नईहून गेलेले होते. त्यानंतर राज्याने पदभ्रमणासाठी नियम केले. वणव्याच्या काळात वाटा बंद ठेवण्याची पद्धत आली. २०२४ साली वनविभागाने ४० वाटा नोंदणी करून आणि स्थानिक वाटाड्या बरोबर घेऊन जाण्यासाठी खुल्या केल्या. आपल्याकडे ३० जून २०२४ रोजी लोणावळ्याला भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले, तो भर पावसाळा होता. म्हणजे रान भरलेले असो वा वाळलेले, आपल्या तिथे असण्याला ते बांधलेले नाही. उन्हाळ्यात जाणे हीच निष्ठा असे म्हटले तर ती निष्ठा रानाला धोक्याची आणि आपल्यालाही. उन्हाळ्यात उरलेल्या त्या एका डोहावर मी जाऊन बसलो तर तहानलेले जनावर लांबच थांबेल. तेव्हा कोरड्या धबधब्याच्या बाबतीत अनेकदा न जाणे हेच योग्य होय.

मग माझे न जाणे चुकीचे का? येथे मला माझ्याच उपमेचा हात सोडावा लागतो. इतका वेळ मी धबधबा आणि माणूस यांना शेजारी ठेवून विचार करीत होतो, आणि साहित्याच्या अभ्यासकाला ही सवय जडलेलीच असते. तिणैची कल्पना सुंदर आहे, पण ती काव्याची कल्पना आहे. तीत डोंगर माणसाचे दुःख बोलतो, डोंगराला स्वतःचे दुःख नसते. ओढा आटल्यावर त्याला कोणाची वाट पाहायची नसते. आपण गेलो नाही याने त्याचे काही उणे होत नाही, झाला तर लाभच होतो. माणूस वाट पाहतो. वाचा गेलेला माणूस तर अधिकच पाहतो, कारण बोलावण्याचे साधन त्याच्यापाशी राहिलेले नसते. रानापासून दूर राहणे हा त्याचा मान राखणे असू शकते. आजारी मित्रापासून दूर राहण्याला तेच नाव देणे ही मी केलेली लबाडी होती. निसर्गाने मला धडा शिकविला असे मी म्हणणार नाही. निसर्गाने एवढेच केले की मी कशासाठी जात होतो हे मला दाखविले. धडा मला वहिनींच्या एका वाक्याने शिकविला, तोही उशिरा.

तरीसुद्धा या दोन प्रकरणांत एक समान धागा उरतोच, आणि तो जाण्या-न जाण्याचा नाही. एखाद्या गोष्टीला आपण कोणत्या नावाने ओळखतो, त्याचा तो आहे. शहराने कोसळण्यावरून नाव ठेवले. म्हणून वर्षातले निम्म्याहून अधिक दिवस शहराच्या लेखी तेथे काहीच नसते, आणि जेथे काही नाही तेथे वणवा लागला काय किंवा कचरा पडला काय, कोणाला फिकीर नसते. गावाने डोहावरून नाव ठेवले. म्हणून बाराही महिने ते ठिकाण त्याच्या लेखी अस्तित्वात असते, कोणी गेले नाही तरीही. मी माझ्या स्नेह्यांना त्यांच्या बोलण्यावरून ओळखत होतो. वहिनी त्यांना कशावरून ओळखत होत्या ते मला सांगता येणार नाही, पण जे बोलणे गेल्यावरही उरते अशा कशावरून तरी, हे नक्की. साहित्याच्या क्षेत्रातल्या आम्हा मंडळींना हा प्रश्न विशेष लागू पडतो. लेखक लिहिता असतो तोवर आम्ही त्याच्याभोवती असतो. त्याची लेखणी थांबली की त्याच्या पुस्तकांवर लिहीत राहतो आणि त्याच्या दारावरून जातो.

अलीकडे मी पुन्हा काही काळ चेन्नईत आहे. कार्तिक चालू आहे, रोज पाऊस आहे, आणि ताड्याच्या बाजूला पाणी भरपूर आले असेल. वय आणि गुडघे पाहता धोंड्यांवरून चढणे आता जमणार नाही, आणि त्याची खंत फारशी वाटत नाही. वहिनी थकल्या आहेत. ऐकू कमी येते, एकच गोष्ट पुन्हा पुन्हा विचारतात. आठवड्यातून दोनदा मी त्यांच्याकडे जाऊन बसतो. दिंड्यांच्या ज्या चाली मला आठवतात त्या हळू आवाजात म्हणतो. बोटे कोणत्या चालीवर कशी चालत, हे त्यांना आठवते तेवढे त्या मांडीवर वाजवून दाखवितात, आणि ती चाल कोणती असावी हे ओळखण्याचा मी प्रयत्न करतो. दोन ओळखल्या आहेत. बाकीच्यांविषयी खात्री नाही.